मोठे शब्द सोपे, छोटे शब्द अवघड

मॉरिशस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळाशार समुद्र, पांढरी वाळू आणि मधुचंद्राला आलेली जोडपी उभी राहतात. प्रवास कंपन्यांच्या रंगीत पत्रकांवरही हेच छापलेलं असतं, आणि ते खोटं नाही. पण या चिमुकल्या बेटावर समुद्राइतकीच नवलाची दुसरी एक गोष्ट आहे. इथला माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तीन-तीन भाषांतून ये-जा करतो, आणि त्यातली जी भाषा घरात कोणीच बोलत नाही, नेमक्या त्याच भाषेत त्याच्या मुलांची परीक्षा होते.

घरात बोलली जाते क्रिओल. वर्तमानपत्र वाचायचं ते फ्रेंचमध्ये. सरकारी कचेरीतला अर्ज, शाळेचं पुस्तक आणि परीक्षेचा पेपर मात्र इंग्रजीत. घरी इंग्रजी बोलणारे इथे शंभरात एकही भरत नाहीत.

गणपतीच्या दिवसांत आम्ही दोघं बारा दिवस मॉरिशसला होतो. मुक्काम हॉटेलात न करता व्हाक्वा या गावी एका मराठी वंशाच्या कुटुंबात केला. ओळखीतून जमलेला योग होता. घरात सत्तरीच्या आसपासच्या आजी, त्यांचा हॉटेलात नोकरी करणारा मुलगा, सून आणि अठरा वर्षांची नात. नातीची हायर स्कूल सर्टिफिकेटची, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आली होती. त्यामुळे समुद्रकिनाऱ्याइतकाच वेळ आमचा इंग्रजीच्या वहीत गेला!

केवड्याच्या नावाचं गाव

व्हाक्वा हे गाव बेटाच्या मधल्या पठारावर आहे. किनाऱ्यावर ऊन रणरणत असलं तरी इथे शाल लागते. पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही. देशाची हवामान कचेरी याच गावात आहे, आणि ती इथे का काढली असावी ते दोन दिवसांत समजतं! व्हाक्वा हे मूळ एका झाडाचं नाव, आणि हे झाड आपल्या केवड्याच्या कुळातलं. गणपतीत केवडा वाहणाऱ्या आपल्या माणसांची वस्ती नेमकी या गावात असावी, याची मला मोठी गंमत वाटली.

राजधानी पोर्ट लुईहून इथे यायला आता छान मेट्रो आहे. २०२२ पासून ती थेट क्युरपीपपर्यंत धावते. वाटेत स्टेशनांची नावं वाचत जावं. रोझ हिल हे इंग्रजी. कात्र बोर्न, म्हणजे चार सीमादगड, हे फ्रेंच. फिनिक्स पुन्हा इंग्रजी. दुकानांच्या पाट्या बहुतेक फ्रेंच, सरकारी फलक इंग्रजी, आणि डब्यातली कुजबुज सगळी क्रिओल. स्टेशनाबाहेर हातगाडीवर डालपुरी आणि ‘गातो पिमां’ मिळतात. नाव फ्रेंच, अर्थ ‘मिरचीचा केक’, आणि चव? थेट आपल्या डाळवड्याची!

ही खिचडी कशी शिजली ते थोडक्यात सांगते. १५९८ साली डच इथे आले आणि आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस म्हटलं. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेऊन त्याचं नाव ‘ईल द फ्रांस’ ठेवलं. १८१० साली इंग्रजांनी ते जिंकलं, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांना आपला धर्म, कायदे आणि चालीरीती राखू दिल्या. राज्य इंग्रजांचं आणि समाज फ्रेंच वळणाचा, असा संसार सुरू झाला. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर आणले गेले. पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुतेक बिहार आणि तामिळ मुलखातली, आणि मुंबई बंदरातून आलेली आपली कोकणातली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथल्या दगडी पायऱ्या आजही आहेत. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेने संसदेची भाषा इंग्रजी ठेवली आणि सदस्याला फ्रेंचमध्ये बोलायचीही मुभा दिली.

मराठी माणसं संख्येने थोडी, पण गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. आम्ही होतो त्या घरी पाटावर गणपती होता. रात्री आरती झाली. शेजारच्या अंगणात पुरुषांनी आणि पोरांनी फेर धरून झाकरी म्हटली. ही आपली कोकणातली जाखडी. चाल तीच, ठेका तोच, काही शब्दांची टोकं मात्र शंभर वर्षांत झिजून गुळगुळीत झालेली. आरती आटोपली, प्रसाद झाला, आणि नातीने आईला फ्रेंच वळणाच्या क्रिओलमध्ये सांगितलं, “मी लेसोंला जाते.”

गॅरेजमधली शिकवणी

‘लेसों’ म्हणजे शिकवणी. आपल्याकडे क्लासचं जे प्रस्थ आहे तेच इथे लेसोंचं. दुसऱ्या दिवशी मुलीने मलाही नेलं. “तांतीन, तुम्ही पण चला,” म्हणाली. तांतीन म्हणजे मावशी किंवा काकू. शब्द फ्रेंच, पण जिव्हाळा आपला.

शिकवणी एका निवृत्त मास्तरांच्या गॅरेजमध्ये होती. मोटार बाहेर पावसात उभी आणि आत बाकांवर दहा-बारा मुलंमुली. विषय होता ‘जनरल पेपर’. केंब्रिजकडून येणाऱ्या या पेपरात इंग्रजी निबंध आणि उताऱ्यावरचे प्रश्न असतात. वरच्या दर्जाची इंग्रजी शब्दसंपत्ती असल्याशिवाय तो सुटत नाही.

फळ्यावर शब्दांची यादी होती. टॅसिटर्न, लुगुब्रियस, पर्फिडियस, पर्स्पिकेशस, नॉनशलंट. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं असले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर डकवतात, चालता-बोलता घोकतात. मला वाटलं, आता ही पोरं घामाघूम होणार. पण मास्तरांनी एकेका शब्दावर बोट ठेवलं आणि मुलांनी पटापट अर्थ सांगितले. अबोल, उदासवाणा, दगाबाज, तीक्ष्ण बुद्धीचा, बेफिकीर! एकालाही अडखळायला झालं नाही.

मग मास्तरांनी फळा पुसला आणि दुसरी यादी लिहिली. शॅलो, क्लम्झी, ग्रम्बल, पुट ऑफ, पुट आऊट, पुट अप विथ. गॅरेजमध्ये शांतता पसरली.

“बघितलंत, मादाम?” मास्तर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले. “जगभरच्या मुलांना इंग्रजीचे मोठे शब्द अवघड जातात. आमच्या मुलांना छोटे अवघड जातात.”

विल्यम नव्हे, ग्योम

याचं कारण नऊशे वर्षांहून जुनं आहे. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकलं. तेव्हापासून काही शतकं तिथला दरबार, न्यायालय आणि सरदारांची घरं फ्रेंच बोलत होती. शेतकरी, मोलकरणी, गुराखी जुनी इंग्रजी बोलत राहिले. न्यायालयात इंग्रजीतून बोलण्याची परवानगी देणारा कायदा व्हायला १३६२ साल उजाडावं लागलं. तोपर्यंत कोर्ट, जज, ज्यूरी, जस्टिस, प्रिझन, पार्लमेंट, गव्हर्नमेंट असे हजारो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत मुक्कामाला आले होते. ते कायमचेच राहिले.

गोठ्यातला प्राणी इंग्रजी आणि ताटातला पदार्थ फ्रेंच, हे तर प्रसिद्धच आहे. मेंढीला म्हणायचं शीप, पण तिच्या मांसाला मटन, फ्रेंच ‘मूतों’वरून. डुकराला पिग, पण मांसाला पोर्क, फ्रेंच ‘पोर’वरून. राखणारा एका भाषेचा आणि खाणारा दुसऱ्या! आपण बाजारातून मटण आणतो तेव्हा हाच फ्रेंच शब्द इंग्रजांच्या हातून आपल्या पिशवीत आलेला असतो.

हे ऐकताना मला आपली मराठी आठवली. अर्ज, फिर्याद, वकील, हुकूम, तारीख हे शब्द फारसीच्या दरबारातून आले आणि आज कोणाला परके वाटत नाहीत. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला तो यासाठीच. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायचे होते. राज्य करणाऱ्याची भाषा आधी कचेरीत शिरते आणि घराच्या चुलीपाशी सगळ्यांत शेवटी पोचते. इंग्लंडमध्येही तेच झालं. म्हणून कचेरीतली इंग्रजी फ्रेंच माणसाला ओळखीची, आणि चुलीपाशची इंग्रजी अनोळखी.

टोपीखाली लपलेला ‘एस’

त्या संध्याकाळी मास्तरांनी मुलांना ज्या युक्त्या सांगितल्या त्या मी टिपून घेतल्या. आपल्यापैकी कोणाची मुलं शाळेत फ्रेंच घेत असतील, तर त्यांना त्या उलट्या दिशेने उपयोगी पडतील.

पहिली युक्ती शेपटांची. फ्रेंच शब्दाच्या शेवटी ‘ते’ असेल तर इंग्रजीत बहुधा ‘टी’ येतो. लिबेर्तेचं लिबर्टी होतं. शेवटी ‘एर’ असलेल्या नेसेसेरचं नेसेसरी. शेवटी ‘इक’ असेल तर इंग्रजीतही इक, फक्त स्पेलिंग आखूड. शेवटचं ‘माँ’ जाऊन तिथे ‘ली’ येतो. एवढ्या चार नियमांवर शेकडो शब्द फुकटात पदरात पडतात.

दुसरी युक्ती टोपीची. फ्रेंचमध्ये काही स्वरांच्या डोक्यावर छपरासारखं चिन्ह असतं. पुष्कळ शब्दांत तिथे पूर्वी एक ‘एस’ होता. फ्रेंचांनी तो उच्चारायचा सोडला आणि त्याची आठवण म्हणून डोक्यावर टोपी ठेवली. इंग्रजीने मात्र तो जपून ठेवला. म्हणून फ्रेंच फोरे म्हणजे इंग्रजी फॉरेस्ट, ओपिताल म्हणजे हॉस्पिटल आणि ओनेत म्हणजे ऑनेस्ट.

तिसरी युक्ती सुरुवातीच्या ‘ए’ची. एकोल म्हणजे स्कूल, एपीस म्हणजे स्पाइस, एपोंज म्हणजे स्पंज, एता म्हणजे स्टेट. इथेही ‘एस’च हरवलेला.

चौथी सगळ्यांत मजेची. नॉर्मंडीच्या बोलीत जिथे ‘व’ होता तिथे पॅरिसच्या फ्रेंचमध्ये ‘ग’ होता. इंग्रजीने बरेचदा नॉर्मंडीचा ‘व’ उचलला. म्हणून युद्ध फ्रेंचमध्ये गेर आणि इंग्रजीत वॉर. आणि खुद्द विल्यमला फ्रेंच लोक म्हणतात ग्योम!

मुलं हसली. परीक्षेच्या भीतीने आखडलेले खांदे थोडे सैल झाले.

ओळखीचे चेहरे, अनोळखी स्वभाव

पण या मैत्रीत एक खोच आहे. सारखे दिसणारे सगळेच शब्द सख्खे नसतात. आपल्याला हे समजावून सांगायला नको. मराठी मुलाने हिंदी पुस्तकात ‘शिक्षा’ वाचलं की त्याला छडी आठवते, आणि उत्तरेकडच्या पाहुण्याला आपण ‘संसार कसा चाललाय’ विचारलं तर तो साऱ्या जगाची खबर सांगू लागेल. इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये असे फसवे सोबती डझनांनी आहेत.

फ्रेंचमध्ये लिब्रेरी म्हणजे पुस्तकांचं दुकान. इंग्रजीत लायब्ररी म्हणजे वाचनालय. आक्त्युएलमाँ म्हणजे सध्या, तर अ‍ॅक्च्युअली म्हणजे खरं पाहता. एव्हांत्युएलमाँ म्हणजे जमलं तर, तर इव्हेंच्युअली म्हणजे सरतेशेवटी. सांसीब्ल म्हणजे हळवा, तर सेन्सिबल म्हणजे समंजस. हळव्या माणसाला समंजस म्हणून चालतं का?

“मागे एका मुलाने निबंधात लिहिलं होतं,” मास्तर सांगू लागले, “की मी काकांच्या लग्नाला असिस्ट केलं, पण जेवण म्हणजे मोठं डिसेप्शन होतं.” आसिस्ते म्हणजे हजर राहणं, आणि देसेप्सियों म्हणजे निराशा. इंग्रज परीक्षकाला मात्र वाटणार, या मुलाने काकांचं लग्न लावायला मदत केली आणि जेवणात सर्वांना फसवलं!

घरी हा किस्सा सांगितला तेव्हा नातीचे वडील मोठ्याने हसले. हॉटेलच्या नोकरीतला स्वतःचा अनुभव त्यांनी सांगितला. नवे असताना त्यांनी एका इंग्रज जोडप्याला नम्रपणे म्हटलं होतं, “आय डिमांड यू टु रेस्ट हियर.” फ्रेंचमध्ये दमांदे म्हणजे विनंती करणं, विचारणं. रेस्ते म्हणजे थांबणं. त्यांना म्हणायचं होतं, ‘कृपया इथे थांबा.’ पाहुण्यांच्या कानी पडलं, ‘तुम्ही इथेच विश्रांती घ्या, अशी माझी मागणी आहे!’ पाहुणे समजूतदार होते म्हणून निभावलं.

सगळ्यांत महाग पडणारा शब्द म्हणजे पासे. फ्रेंचमध्ये परीक्षा ‘पासे’ केली म्हणजे परीक्षेला बसलो, एवढंच. इंग्रजीत ‘पास’ म्हणजे उत्तीर्ण. नोकरीच्या अर्जात हा शब्द चुकला तर उमेदवार खोटारडा ठरतो. मास्तरांनी तो फळ्यावर लिहून भोवती लाल खडूने चौकट काढली.

उथळ पाण्याला शब्द नाही

रविवारी सगळे मिळून पश्चिमेच्या फ्लिक आं फ्लाक किनाऱ्यावर गेलो. मॉरिशसच्या किनाऱ्याला प्रवाळाचं कडं आहे. लाटा दूर तिथेच फुटतात आणि आत शांत, हिरवट पाणी उरतं. मुलं बिनधास्त खेळतात. मी नातीला म्हटलं, “हे बघ, तुझा कालचा शब्द. शॅलो!”

ती पाण्यात गुडघाभर उभी होती. म्हणाली, “तांतीन, फ्रेंचमध्ये उथळ या अर्थाचा एकच शब्द नाही. ‘प प्रोफों’ म्हणतात, म्हणजे थोडं खोल.” मी तिला मराठी शब्द सांगितला. तिने दोन-तीनदा म्हणून पाहिला. उथळ. मग म्हणाली, “मराठीत सोपं आहे!”

तिची खरी अडचण क्रियापदांची होती. टॉलरेट तिला येतं, कारण फ्रेंचमध्ये तोलेरे आहे. पण इंग्रज माणूस बोलताना म्हणतो पुट अप विथ. एक्स्टिंग्विश येतं, पण पुट आऊट येत नाही. अबॅन्डन येतं, पण गिव्ह अप गोंधळात टाकतं. तीन अक्षरी पुट, त्याच्यामागे इवलासा शब्द जोडला की अर्थ कुठच्या कुठे. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरले जाणारे शंभर शब्द काढले तर ते जवळजवळ सगळे याच जुन्या, घरगुती इंग्रजीतले निघतात.

मी तिला सांगितलं, आमच्याकडेही हे आहेच. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि वेडही लागतं. परक्या माणसाने या ‘लागणे’चं काय करावं? त्याला शब्दकोश उपयोगी नाही. प्रत्येक लागणं वेगळं ऐकावं लागतं.

फक्त मोठ्या शब्दांवर भिस्त ठेवली तर दुसराही घोटाळा होतो. फ्रेंचमध्ये कोमांसे म्हणजे साधं सुरू करणं, देसांद्र म्हणजे खाली उतरणं. मुलं तसंच इंग्रजीत लिहितात. मी अभ्यास ‘कमेन्स’ केला, बसमधून ‘डिसेंड’ झालो. चूक काहीच नाही, पण कानाला कसं वाटतं? जणू बाजारात भाजी घेणारा माणूस म्हणतोय, ‘हे विक्रेत्या, मज वांगी दे!’ म्हणून मास्तरांनी मुलांना वहीत तीन रकाने आखायला लावले होते. पहिल्यात फ्रेंच शब्द, दुसऱ्यात त्याचा इंग्रजी जुळा, तिसऱ्यात इंग्रज माणूस रोज बोलतो तो शब्द. तिसरा रकाना रिकामा असेल तर पान पूर्ण झालं असं धरायचं नाही.

तिसरा रकाना भरायचा कसा? मास्तरांचा उपाय साधा होता. बालकथा वाचा, रेडिओवर क्रिकेटचं समालोचन ऐका, स्वयंपाकाच्या कृती इंग्रजीत वाचा. अठरा वर्षांच्या मुलांना आधी बालकथांची लाज वाटते. पण छोटे शब्द तिथेच भेटतात.

कागद कुणाला वाचता येतो?

हा सगळा आटापिटा एका पेपरासाठी आहे, असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी आजींनी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि गोष्ट वेगळीच निघाली.

मॉरिशसचा कायदा हाही एक दुपेडी गोफ आहे. नागरी कायदा नेपोलियनच्या संहितेवरून आलेला, फ्रेंच भाषेत. संसदेने केलेले कायदे इंग्रजीत. न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. जमिनीची खरेदीखतं नोटरी लिहितो ती फ्रेंचमध्ये. या घराचा उसाचा एक लहानसा तुकडा होता. आजींच्या सासऱ्यांनी एका खतावर अंगठा उठवला. काय लिहिलंय ते त्यांना फक्त तोंडी सांगितलं गेलं होतं. ते गेल्यावर वाटणीचा वाद निघाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि अर्ध्याहून जास्त जमीन हातची गेली. खत फ्रेंच, निकाल इंग्रजी, आणि ऐकणारी माणसं क्रिओल आणि थोडी मराठी जाणणारी.

“आम्ही कोर्टात बसलेलो,” आजी कोकणी हेलाच्या मराठीत आणि अडलं तिथे क्रिओलमध्ये सांगत होत्या. “सगळे आमच्याबद्दलच बोलत होते. आम्हाला काय बी समजत नव्हतं. शेवटी वकील म्हणाला, चला, झालं.”

आजींचं स्वतःचं शिक्षण प्राथमिक शाळेबरोबर संपलं. पुढच्या शाळेला फी होती. मॉरिशसमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं १९७७ मध्ये. तोवर त्या उसाच्या शेतात जाऊ लागल्या होत्या. धाकट्या बहिणीला मात्र शाळा मिळाली. “ती टीचर झाली,” आजी म्हणाल्या. त्यात हेवा नव्हता, पण कागदाची घडी घालायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

नातीला कायदा शिकायचा आहे तो यामुळे. उत्तम निकाल लागला तर सरकारी शिष्यवृत्ती मिळते. ती मिळवणाऱ्यांना ‘लोरेआ’ म्हणतात, आणि निकालाच्या दिवशी शाळेच्या आवारात मुलं त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात. नातीला त्या नाचाची आशा नव्हती. तिला रेद्वीच्या विद्यापीठात जागा हवी होती आणि जनरल पेपरने अडवू नये एवढंच मागणं होतं.

या मुलांची अडचण पहिलीपासूनची आहे. १९५७ च्या शिक्षणनियमांनी खालच्या वर्गांत मुलांना सोयीच्या भाषेत शिकवायची मुभा दिली. चौथीपासून माध्यम इंग्रजी. पण पुस्तक पहिल्या दिवसापासून इंग्रजीच. शिक्षक क्रिओल आणि फ्रेंचमध्ये समजावतात, मुलं इंग्रजीत लिहितात. २०१२ पासून क्रिओल हा ऐच्छिक विषय म्हणून प्राथमिक शाळेत आला. मराठीही तसाच ऐच्छिक विषय आहे, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती वरपर्यंत शिकता येते. तीन भाषा येतात म्हणून या मुलांचं कौतुक करायला आपण पटकन पुढे होतो. पण ज्याला तिन्हींपैकी नेमकी हवी ती अपुरी येते, त्याचं जमिनीसारखं काही जाऊ शकतं, हे त्या पिवळ्या कागदाने मला दाखवलं.

निघायच्या आदल्या रात्री आजी स्वयंपाकघरात मोदकांचं सारण हलवत होत्या आणि नात ओट्याला टेकून त्यांना इंग्रजी शब्द विचारायला लावत होती. आजींना वाचता येत नव्हतं, म्हणून त्या हातातल्या वस्तूवर आणि कामावर बोट ठेवत. उकळणं, ढवळणं, सांडणं, खरवडणं, चिकटणं. नात सांगायची. बॉइल, स्टर, स्पिल, स्क्रेप, स्टिक. त्यातला ‘बॉइल’ तेवढा फ्रेंच घराण्यातला, बाकी सगळे तिसऱ्या रकान्यातले. गॅरेजमधल्या मास्तरांना कळलं असतं तर त्यांनी आजींना शिकवणीवर नेमलं असतं!

परत आल्यावर काही महिन्यांनी नातीचं पत्र आलं. जनरल पेपर सुटला होता. शिष्यवृत्ती मिळाली नाही, पण विद्यापीठात कायद्याला प्रवेश मिळाला. पत्र इंग्रजीत होतं, शेवटी मराठीत ‘तुमची’ आणि खाली सही. मधे तिने लिहिलं होतं, की सुट्टीत तिने कपाटातलं ते खत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्यातला ‘सूसिन्ये’ हा शब्द इंग्रजीत अंडरसाइन्ड होतो, म्हणजे खाली सही करणारा. पणजोबांनी सही कुठे केली होती, तो तर अंगठा होता.

मग तिने ते सगळं खत क्रिओलमध्ये आजींना वाचून दाखवलं. गेलेली जमीन काही त्याने परत येणार नव्हती. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “एवढंच लिहिलं होतं?”

“एवढंच,” नात म्हणाली.